व्याह्यांची शिवण

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. सुनेचे वडील, म्हणून आजवर गप्प होतो. सुभानपुऱ्यात कोणालाही विचारा, अख्ख्या बडोद्यात व्याह्यांइतका सरळ माणूस सापडायचा नाही असंच सांगतील, आणि तेच माझं दुखणं आहे. लबाडाला मी दारातच ओळखतो. बाथरूमच्या फरशा विकून घर उभं केलं, ते काही भोळेपणावर नाही.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांना हातानं चामडं शिवायचा नाद लागला. अलकापुरीत एका लग्नात जेवणाच्या रांगेत त्यांनी पुढच्या अनोळखी माणसाला विचारलं, "भाई, पट्टो जरा काढीने बतावशो?" तो बिचारा एका हातानं पँट धरून उभा, आणि हे पट्टा उजेडाकडे धरून टाके बघतायत! "मशीनचे आहेत," असं दुःखद बातमी दिल्यासारखं सांगून त्यांनी तो परत केला. "चामडं घरात?" म्हणून नाक मुरडणाऱ्या चुलतभावाला ते म्हणाले, "पायात चालतं, कमरेला चालतं, मग हातात का नाही?" खरेदीत मात्र अगदीच कच्चे. एकदा मी सोबत होतो. भाव ऐकून मी चामडं आपटलं आणि नियमाप्रमाणे तीन पावलं दुकानाबाहेर गेलो. वळून बघतो तर यांनी मागितले तेवढे पैसे देऊनही टाकलेले.

अशा माणसानं मला शिष्य केलं. "दोन रविवार द्या, स्वतःचं पाकीट शिवाल." मी म्हटलं, एक. दीडवर ठरलं. चालले अकरा महिने! आधी हात बसू दे म्हणून ते मला लांब पट्ट्या आणि गोल कोपऱ्यांचे तुकडे द्यायचे. एका दोऱ्याला दोन सुया, एकाच भोकातून दोन्हीकडून न्यायच्या. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. ओढ जरा कमी पडली की म्हणायचे, "उसवा." मी ओरडायचो, भोकं पाडायची आरी फेकायचो. ते ती उचलून पुन्हा माझ्यापुढे ठेवायचे. स्वतः सुईला शिवायचे नाहीत. म्हणायचे, "शिकवणाऱ्यानं शिवलं की शिकणारा आळशी होतो." मला पटायचं. शिवलेले तुकडे सरावाचे म्हणून तेच ठेवून घ्यायचे. आणि खोटं कशाला सांगू, दुकानात गिऱ्हाईकाशी भांडण झालं की मी रविवारची वाट बघायला लागलो होतो.

विहीणबाई डभोईच्या शाळेत शिकवायच्या. कित्येक वर्षं बसनं जाणं-येणं, वह्यांनी फुगलेली पिशवी आणि तिचा सतत तुटणारा बंद. बाईंच्या निवृत्तीच्या आत न तुटणारी बॅग शिवून देईन, असा शब्द व्याह्यांनी दिलेला. गेल्या महिन्यात त्यांच्या निरोप समारंभाला आम्ही सगळे गेलो. बाई स्टेजवर चढल्या, खांद्याला नवी तपकिरी बॅग. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी बॅगेच्या पट्ट्याकडे बघत होतो. माझा टाका जरा उजवीकडे कलतो. कुठंही ओळखेन.

मी त्यांना शाळेच्या व्हरांड्यात ओढलं. "अहो व्याही, अख्खी बॅग माझ्याकडून शिवून घेतलीत!"

"अख्खी नाही. वरचं झाकण माझं आहे, हात चालत होता तेव्हाचं," ते म्हणाले आणि उजवा हात पुढं केला. तो थरथरत होता. "वर्ष झालं. सुई भोकात जात नाही. हिला सांगितलं नाही अजून."

"मग मला सरळ सांगायचं होतं!" मी इतक्या जोरात ओरडलो की शिपाई वळून बघायला लागला.

"मुलीच्या बापानं मुलाच्या घरी काही मागायचं नसतं," ते हळूच म्हणाले.

लग्नाच्या बैठकीत मी आमच्या मानाच्या टोप्यांवरून तासभर ताणून धरलं होतं. ते त्यांनी काढलं नाही. मलाच आठवलं.

अजून रविवारी जातो. आता पाकीट घेतलंय शिवायला. ते शेजारी बसून माझे टाके बघतात आणि हल्ली वाकडा टाका दिसला तरी कधीकधी चालवून घेतात. मुलीच्या बापानं मागायचं नाही ही रीत कोणी घातली ठाऊक नाही, त्याच्याशी भांडायची सोय नाही. पण व्याही समोर आहेत. सरळ मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, असं त्यांना का वाटलं? याचं उत्तर त्यांनी मला द्यावं. त्याशिवाय मी त्यांच्या घरातून उठणार नाही.