सासूबाईंना झेपेल अशी व्हिस्की

शनिवार, अकरा जानेवारी, संध्याकाळचे साडेसहा. खर्चाची मर्यादा तीन हजार रुपये. जागा डोंबिवली पूर्वेतलं सासूबाईंचं घर. हजर चौघं: मी, माझी बायको, सासूबाई आणि त्यांच्या समोरच्या दारच्या निवृत्त नर्सबाई. चौघांपैकी कोणीही तोवर व्हिस्कीचा थेंब चाखलेला नव्हता आणि त्यातल्या दोघींसाठी ती निवडून आणण्याचं काम माझ्यावर सोपवलेलं होतं.

माझ्यावरच का, हे मी सासूबाईंना विचारलं होतं. "मुलाला सांगितलं तर तो आधी डॉक्टरांना फोन करील," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी भाव काढाल."

मुळात ही इच्छा कुठून आली ते सांगायला हवं. माझे सासरे एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यात होते. दर शनिवारी संध्याकाळी ते खिडकीपाशी बसून व्हिस्की घ्यायचे. बत्तीस वर्षं. पापड भाजायचा, काकडी कापायची, ग्लास विसळायचा, ही कामं सासूबाईंची. एकदा त्यांनी विचारलं, "कसं लागतं हो?" सासरे म्हणाले, "तुला नाही झेपायचं." ते जाऊन आता सहा वर्षं झाली. सासूबाईंनी त्यांचे कपडे वाटून टाकले, चष्मा दान केला, पण हे वाक्य काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

"मला फक्त बघायचंय, झेपतं का," त्या म्हणाल्या. "पण तोंड वाकडं व्हायला नको. ते समोरच आहेत." समोर म्हणजे भिंतीवर, फोटोत.

नर्सबाईंना नाडीवर लक्ष ठेवायला बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पिणार आणि मी नुसता हात धरून बसू?" अशा दोघी झाल्या.

मी बाळकुमला राहतो. तिथल्या वाइन शॉपमध्ये सकाळी अकराला गेलो, गर्दी नसते म्हणून. बायको बरोबर होती. दुकानदाराने माझ्या हातातली वही बघितली आणि तो जरा सावध झाला.

"काका, स्वतःसाठी?"

"नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंसाठी. आणि दुसऱ्या एकाहत्तरच्या."

"पहिल्यांदाच?"

"हो. तोंड वाकडं होणार नाही अशी हवी."

त्याने विचार केला. "मग धुराच्या वासाची नको. चूल फुंकल्यासारखं वाटतं."

"त्यांनी वीस वर्षं चूलच फुंकलीय."

"म्हणून तर नको ना. एकदाच्या सुटल्यात त्यातून."

मला ते पटलं. मग त्याने तीन बाटल्या काउंटरवर मांडल्या. मी प्रत्येकीचे मिली, टक्के, किंमत आणि एका मिलीचा दर लिहून घेतला. कुठली जास्त गोड, कुठली घशाला लागते, पाणी किती घालायचं, गार की साधं, हेही विचारलं. बायको म्हणाली, "अहो, मला बघायला आलात तेव्हा एवढे प्रश्न नव्हते विचारले."

"तेव्हा परत करायची सोय विचारायची राहिली," मी म्हणालो. दुकानदाराने उगाच कपाटाकडे तोंड वळवलं.

शेवटी एक आयरिश ठरली. हलकी, किंचित मधासारखी, नवख्यांनी हिच्यापासूनच सुरुवात करावी असं त्याचं मत. साडेसातशे मिली, दोन हजार सहाशे पन्नास. दोघींना पंधरा-पंधरा मिली धरले तर पंचवीस शनिवार पुरणार होती.

मग मी परवाने मागितले. आपल्याकडे दारू विकत घ्यायला आणि प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांत दुकानातच मिळतो. दुकानदार म्हणाला, "काका, हे कोण मागतं?"

"मी मागतोय. तीन द्या. एक नेणाऱ्याचा, दोन पिणाऱ्यांचे."

त्याला पुस्तक शोधायला दहा मिनिटं लागली. वर जमलेल्या धुळीवर फुंकर मारत तो म्हणाला, "आजचं गिऱ्हाईक लक्षात राहील."

शीळफाट्याला आम्ही पाऊण तास अडकलो. बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून बायकोच्या मांडीवर होती आणि ती पोलीस दिसला की टॉवेल घट्ट धरत होती. मला मात्र कोणीतरी अडवावं असं वाटत होतं. बिल आणि तिन्ही परवाने शर्टाच्या खिशात होते. कोणी अडवलं नाही.

संध्याकाळी सासूबाई इस्त्रीची साडी नेसून तयार होत्या. पापड भाजलेले होते. नर्सबाईंनी औषधाचं मापाचं टोपण आणलं होतं. "पंधरा मिली, तेवढंच पाणी," त्या म्हणाल्या, "आणि घोट घ्यायचा. गिळून टाकायची नाही."

सासूबाई फोटोकडे तोंड करून बसल्या. एक घोट घेतला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. काही झालं नाही. दुसरा घेतला. चेहरा तसाच, सत्यनारायणाचं तीर्थ घेतल्यासारखा. निवड अचूक ठरल्याचं समाधान मी लपवलं नाही.

"छान आहे हो," नर्सबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी ग्लास खाली ठेवला. "हे तर कोणालाही झेपेल."

"म्हणूनच आणली, आई," मी म्हणालो.

"पण ते हीच प्यायचे का?"

मी वहीत बघितलं. हा प्रश्न मी लिहिलेलाच नव्हता. एवढे भाव काढले, पण सासरे काय पीत होते हे काही मी विचारलं नव्हतं.

"ते कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचे," बायको म्हणाली. "छोटी चपटी बाटली."

मी खाली गेलो. गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ होते. सासऱ्यांचं वर्णन केल्यावर त्यांना लगेच आठवलं. "कारखान्यातले ना? दर शनिवारी क्वार्टर. पगार वाढला तरी तीच. मी म्हणायचो, साहेब, जरा वरची घ्या. म्हणायचे, पोरांच्या फिया भरायच्यात." त्यांनी मागच्या फळीवरची एकशे ऐंशी मिलीची बाटली काढून दिली. एकशे ऐंशी रुपये. मिलीला रुपया. सकाळच्या बाटलीचा दर साडेतीनच्या वर पडला होता. सकाळचे परवाने वर वहीत राहिले होते, म्हणून आणखी एक घेतला, पाच रुपये.

वर आल्यावर मी सासूबाईंना त्या म्हाताऱ्या दुकानदाराचं बोलणं सांगितलं, मगच ओतली. पंधरा मिली, तेवढंच पाणी. त्यांनी घोट घेतला आणि तोंड असं वाकडं झालं की नर्सबाईंनी मनगट पकडलं. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, पापडाचा चुरा झाला. पण त्यांनी हात सोडवून घेतला आणि ग्लास संपवला.

"झेपली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फोटोकडे बघितलं. "बत्तीस वर्षं हे पीत होते? वर म्हणायचे, आता बरं वाटलं."

"नाडी चौऱ्याऐंशी," नर्सबाई म्हणाल्या.

"असू दे." सासूबाईंनी आयरिश बाटली उचलली, अर्धं टोपण ओतून फोटोखाली ठेवलं. "घ्या. हीही झेपेल तुम्हाला."

निघताना त्यांनी पर्स उघडली. मुलीच्या घरचं फुकट घ्यायचं नाही हा त्यांचा नियम. आंब्याची पेटी नेली तरी पैसे परतीच्या पिशवीत सापडतात. मी वही पुढे केली, बेरीज दोन हजार आठशे पन्नास.

"पहिली तुमची भेट, ती मी ठेवून घेते," त्या म्हणाल्या. चोवीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. "दुसरी त्यांची. तिचे मी देणार."

बाटलीचे एकशे ऐंशी आणि परवान्याचे पाच, असे एकशे पंच्याऐंशी रुपये सासूबाईंनी मला मोजून दिले. मी ते घेतले.