मिलच्या पट्ट्याचे झुले

झुल्याला नवी फळी पाहिजे, असं केवलरामने चौकीदारीच्या बारा वर्षांत कधी कोणाला म्हटलं नाही. त्याआधी तो तिरोडा रस्त्यावरच्या राईस मिलमध्ये फिटर होता. धान वर चढवणाऱ्या रबरी पट्ट्यात त्याची दोन बोटं गेली, तेव्हा मालकाने ओळखीने त्याला गावच्या समितीच्या, पोरांच्या बागेत चौकीदार लावून दिलं. गेटाजवळची खोलीही मिळाली. मिलमधले झिजलेले पट्टे तो मागून आणायचा, हातभर तुकडे कापायचा, भोकं पाडून साखळीला जोडायचा. पोरांच्या फिरत्या चक्रीचं बेअरिंग मिलचं, ग्रीसही मिलचंच. ज्याने बोटं खाल्ली त्याच पट्ट्यावर गावची पोरं झुलत होती, आणि त्यात केवलरामला काही वावगं वाटत नसे. उलट गंमत वाटे.

उन्हाळ्यात एका झुल्याचा वरचा हुक तुटला आणि आठ वर्षांच्या पोरीचा हात मोडला. मग समितीला आठवलं की बाग जुनी झाली आहे. सगळं काढून नवं बसवायचं ठरलं. नव्या खेळण्यांसोबत एजन्सीचा चौकीदार येणार, असंही कोणीतरी बोललं.

"पाहणीले येणाऱ्या साहेबाले सांगा ना जी, तुम्हीच सारं सांभाळून राहिले म्हणून," त्याची बायको फुलवंता म्हणाली. "खोली गेली तं जायचं कोठी?"

"सांगतो ना."

"नीट सांगा. जास्त बोलू नका. तुमचं तोंड उघडलं का बंद होत नाही."

पाहणीला वीरेंद्र इंजिनिअर गोंदियाहून आला. तरणा होता, हसून बोलायचा. घसरगुंडीखालचा जोड बघून म्हणाला, "वा काका, ये भी आपने किया?"

एवढं पुरलं. केवलरामने त्याला बागभर फिरवलं. कुठे तार गुंडाळली, कुठे मिलचा नट घातला, कुठे लाकडाची पाचर ठोकली, सगळं दाखवलं. साहेबाला दिसावं म्हणून जागोजागी गेरूची खूणही केली. वीरेंद्र प्रत्येक खुणेचा फोटो काढत होता.

"सगळंच तुमच्या हातचं?"

"इथला एकएक नट माझ्या हातचा आहे जी."

वीरेंद्रने या वाक्यासकट दुरुस्त्यांची यादी लिहून वाचून दाखवली. केवलराम लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "चक्रीचं बेअरिंग राहून गेलं साहेब." तेही लिहिलं गेलं. त्याखाली त्याने तीन बोटांनी पेन धरून, जपून सही केली.

खेळणी काढायला आलेल्या माणसांना त्याचे नट उघडेनात. दोन दिवस उन्हात बसून केवलरामनेच ते उघडून दिले. तिसऱ्या दिवशी समितीचा सचिव लीलाधर याने त्याला बोलावलं. टेबलावर फोटो पसरले होते.

"पोरीचा हात कशानं मोडला?"

"हुकानं जी. तो ठेकेदारानं लावला होता. तीनदा सांगितलं मी, बदला म्हणून."

"लिहून देल्लं का?"

"नाही जी. तोंडीच."

"हे मात्र लिहून देल्लं." लीलाधरने यादी त्याच्यापुढे सरकवली. "एकएक नट माझ्या हातचा. सही तुझीच ना?"

केवलराम सहीकडे पाहत राहिला. सही चांगली आली होती.

"पोरीचा बाप पोलिसात जाऊन राहिला होता. आम्ही थांबवलं त्याले. तुझ्यावर उपकारच समज. खोली सोमवारपर्यंत मोकळी कर. मंगळवारी उद्घाटन आहे."

तो परत आला तेव्हा नेहमीच्या दोन-चार बाया गेटाशी उभ्या होत्या. याच बाया त्याला पोरांच्या वाढदिवसाचा केक आणून देत. आज त्यातली एक त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "कायले ठेवला असल्या माणसाले एवढे दिवस?"

फुलवंताने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही की भांडली नाही. रविवारी तिने भांडी दोन पोत्यांत भरली आणि एकच पोतं बांधलं. दुसरं तसंच उघडं त्याच्यापुढे ठेवलं.

"माह्या भावाले फोन केला. सौंदडले येऊन राहा म्हणते."

"मग सकाळची गाडी धरू."

"मी धरीन," फुलवंता म्हणाली. "त्याच्या घरी एकाचीच जागा आहे जी. मी विचारलं तुमचं. नाही म्हणाला."

तिने खरंच विचारलं होतं का, हे केवलरामने विचारलं नाही. सकाळी तो तिचं बांधलेलं पोतं उचलून गेटापर्यंत घेऊन गेला.