अफूवर उतारा

फुलाबाई सोलापूरच्या एका गिरणीत रीळ खात्यात होती, तिचा नवरा हिंदुराव मागखात्यात. दोघं मूळची मोहोळकडची. हिंदुराव कामाला वाघ. पण घरी आला की हात सुटायचा. भाकरी करपली म्हणून मारायचा, मुकादम बोलला म्हणून मारायचा. दुसऱ्या दिवशी फुलाबाई पदर पुढं ओढून कामावर हजर. चाळीत कुणाला त्याचं नवल नव्हतं. शेजारची केराबाई एवढंच म्हणायची, "डोस्कं तेवढं संबाळ गं."

१९२८ सालचा उन्हाळा. गिरणीला सुट्टी होती. कुंभारीला फुलाबाईच्या भावाकडं लग्न होतं. हिंदुराव म्हणाला, "जायाचं न्हाय." आणि त्या दिवशी कसं कुणास ठाऊक, फुलाबाई म्हणाली, "मी जानार."

कोपऱ्यात मागाचा जुना धोटा पडला होता, टोकांना पोलाद बसवलेला जड लाकडी धोटा. हिंदुरावनं तो उचलून तिच्या कपाळावर हाणला. ती पाट्यावर कोसळली. रक्ताची धार चुलीपर्यंत गेली. त्यानं हलवलं, हाका मारल्या. ती उठेना. बाई मेली आणि आता आपल्याला फास, असं त्याच्या मनानं घेतलं. फळीवर अफूची डबी होती. कंबर धरली, जुलाब लागले की तो मोहरीएवढी घ्यायचा. तशी ती बऱ्याच घरांत असायची. आज त्यानं डबीतला सुपारीएवढा गोळा पाण्याबरोबर गिळला आणि दाराला आतून कडी घालून तिच्याशेजारी आडवा झाला.

फुलाबाई मेली नव्हती. ती शुद्धीवर आली तेव्हा रक्तानं एक पापणी चिकटली होती. शेजारी नवरा घोरत होता. ती घाबरून भिंतीला सरकली. मग तिला ते घोरणं ऐकू आलं. एक श्वास, आणि किती तरी वेळानं दुसरा. ओठ जांभळासारखे काळे पडलेले. उघडी डबी हाताशी. तिनं त्याची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती.

ती तशीच बसून राहिली. कडी काढायला तिला वेळ लागला, हे तिनं पुढं स्वतःच सांगितलं.

केराबाईचा नवरा महिपती टांग्यानं नवी पेठेतून डॉक्टर सिद्धलिंगप्पांना घेऊन आला. डॉक्टरांनी हिंदुरावच्या घशातून रबरी नळी पोटात घातली आणि जांभळं पाणी ओतलं. पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात त्याच खड्यांचं पाणी. आत जांभळं जायचं, बाहेर तपकिरी यायचं. पुन्हा ओतायचे, पुन्हा काढायचे.

"पोटातली अफू मोडली," डॉक्टर म्हणाले. "पण जी रक्तात गेली ती मेंदूत पोचली. माणूस झोपला की श्वास आपोआप चालतो ना? अफू ते आपोआप चालणंच बंद पाडते. हा जागा राहिला तर सांगितल्यावर श्वास घेईल. झोपला की संपला. कडक कॉफी पाजा, चालवा आणि मारा. दया करू नका."

महिपती आणि आणखी एकानं त्याला बगलेत धरून अंगणात फिरवायला सुरुवात केली. पाय फरफटत होते. महिपतीनं ओल्या पंच्याचे दोन फटके दिले, पण दोस्ताच्या अंगावर हात जोरानं पडेना. हिंदुरावची मान लवंडली.

फुलाबाईनं पंचा हिसकावला. पहिला फटका पाठीवर, दुसरा तोंडावर. "ऊठ! डोळं उघड!" त्याला अरे-तुरे तिनं जन्मात केलं नव्हतं. पंचा पिळवटून तिनं पोटऱ्या फोडल्या. पंचा फाटला तेव्हा पायताण घेतलं. हिंदुरावच्या नाकातून रक्त आलं, ओठ फाटला, पाठीवर वळ चढले. तिच्या कपाळाची जखम पुन्हा उघडून रक्त त्याच्या सदऱ्यावर उडत होतं. चाळ गोळा झाली होती.

केराबाईनं तिला मागून धरलं. "फुले, बास! मरंल त्यो."

"मरू दिऊ? मी जागी असताना मला मारलं त्यानं. ह्यो झोपंत सुटनार व्हय?" तिला ढकलून फुलाबाई पुन्हा पुढं झाली.

ऊन कलल्यावर हिंदुराव ओरडला. शब्द नव्हते, नुसता गुराचा हंबरडा. डॉक्टरांनी बाहुल्या पाहिल्या, नाडी पाहिली. "उतरली. पुरे आता."

फुलाबाई थांबली नाही. डॉक्टरांनी तिचं मनगट धरून पायताण काढून घेतलं. तेव्हा ती खाली बसली आणि रडू लागली. कुणासाठी रडत होती ते तिलाच कळत नव्हतं.

जीव द्यायला निघणं हा गुन्हा, म्हणून हवालदार आला. हिंदुरावची पाठ पाहून त्यानं विचारलं, "ह्याला कुणी मारलं?"

"मी," ती म्हणाली. "आन् माजं डोस्कं त्यानं फोडलं. दोनी खरं हाय."

हिंदुरावला सक्तमजुरी झाली. सुटून आला तो वाळलेला, दाढी वाढलेला. उंबऱ्याबाहेर उभा राहून हात जोडून म्हणाला, "फुला, तुजं लई उपकार झालं."

"उपकार कसलं? तुमाला जगवलं. नांदीन म्हटलं न्हवतं."

तो आल्या पावली वळला. मग मोहोळला भावाच्या शेतावर निघून गेला. फुलाबाई पुढं कितीतरी वर्षं रीळ खात्यात राहिली. चाळीत कुणी अफू खाल्ली की लोक तिला बोलवायला यायचे. ती जायची, जांभळं पाणी कालवायची, कॉफी उकळून द्यायची, रोग्याला बगलेत धरून अंगणात फिरवायची. मारायचं काम मात्र ती दुसऱ्याला सांगायची, आणि फटका पडला की तोंड फिरवायची.