मशीनचा आवाज कोणी खाल्ला?

शिवणमशीन दुरुस्त करणाऱ्याच्या कपड्यांना तेलाचा वास असतोच. पण या गृहस्थांच्या खिशात तेलाची बारकी कुपीही कायम असायची, म्हणून सगळी वस्ती त्यांना तेलकाका म्हणायची. उभी हयात त्यांनी लोकांची मशीनं कानांनी तपासली. आधी डोळे मिटून ऐकायचं, मग स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा. गुडघ्यांनी दगा दिला आणि जिने चढणं संपलं, तेव्हा सुनेनं तोड काढली. बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाईक दिसे, ते तिकडे मशीन चालवे आणि काका इथे बसून दुखणं सांगत. पट्टा सैल आहे, सुई वाकली आहे, बॉबिनखाली दोरा अडकलाय.

एका सकाळी पडदे शिवणाऱ्या बाई कॉम्प्युटरवर आल्या. मशीन टाके सोडतंय, अशी त्यांची तक्रार. बोलणं खणखणीत ऐकू येत होतं. काका म्हणाले, चालवा. सुई खालीवर होऊ लागली, कापड पुढे सरकू लागलं, पण आवाज म्हणाल तर नावाला नाही.

काकांचा पहिला संशय बाईंवर गेला. चालवल्याचं सोंग करून ही आपली परीक्षा तर घेत नाही ना? पण कापडावर टाके उमटताना दिसत होते. मग संशय कॉम्प्युटरवर. त्यांनी स्पीकरची वायर काढून पुन्हा खोचली, बटण शेवटपर्यंत पिळलं, बातम्या लावून पाहिल्या. निवेदकाचा शब्द न् शब्द कानावर आदळला. आता एकच आरोपी उरला आणि त्याचं नाव घ्यायला काकांची जीभ रेटेना. गुडघ्यांवाचून त्यांचं भागलं होतं. कान गेले तर मात्र हत्यारांची पेटी भंगारात द्यायची आणि खिडकीशी बसून राहायचं.

तसं काकूंना तेच हवं होतं. आता पुरे करा, हा त्यांचा धोशा जुनाच. परवा स्वयंपाकघरात सासू-सून हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या आणि काका पाणी प्यायला आत गेले तशा दोघी गप्प झाल्या. एरवी एकीनं पूर्व म्हटलं की दुसरी पश्चिम म्हणायची. मग हे गूळपीठ कशाचं? काकांच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी सुनेला हाक मारली आणि मशीनचा आवाज येतोय का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही हो बाबा, मलाही नाही येत."

येतो म्हणाली असती तर कान गेले, हे नक्की होतं. आता नाही म्हणाली, तर सासऱ्याचं मन राखायला म्हणाली नसेल कशावरून? कसंही उत्तर आलं तरी काका त्यात खोट काढणारच होते.

त्यांनी बाईंना मशीन थांबवून पुन्हा चालू करायला लावलं. पुन्हा. आणखी एकदा. दरवेळी सुरुवातीची एक टकटक ऐकू यायची आणि मग सामसूम. काका ताठ बसले. बहिऱ्या कानाला ती पहिली टकटक तरी कशी ऐकू येईल? म्हणजे आवाज येतोय आणि कोणीतरी त्याचा गळा दाबतंय.

"माझ्या कॉम्प्युटरला कोण हात लावतं?" त्यांनी सुनेवर नजर रोखली.

"मीच लावते, बाबा. ऑफिसच्या मीटिंगला," असं म्हणता म्हणता ती थबकली. तिच्या मीटिंगमध्ये कोणाचा पंखा घरघरायचा, कोणाचं कुत्रं भुंकायचं. म्हणून तिनं कालच माणसाचं बोलणं तेवढं ठेवून बाकीचा गोंगाट गाळून टाकणारी सोय चालू केली होती. कॉम्प्युटरच्या लेखी मशीनची खडखड हाही केरकचराच. तिनं चेहरा पाडून ती सोय बंद केली आणि खोली मशीनच्या आवाजानं भरून गेली.

दुसरा कोणी असता तर हरखला असता. काकांना मात्र नवीनच शंका आली. सुई हलताना दिसतेय, म्हणून मन आपल्या पदरचा आवाज घालत नसेल ना? त्यांनी खुर्ची फिरवून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाठ केली. बाईंना सांगितलं, मला न सांगता वाटेल तेव्हा थांबवा. आणि पडद्यावर नजर ठेवायला बोलावलं काकूंना.

काका डोळे मिटून बसले. "थांबलं," ते म्हणाले. मग, "चालू." मग त्यांनी मान किंचित कलती केली. "आता थांबलं. नाही, हातानं चाक फिरवतायत."

त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. काकू खोटं बोलायच्या तेव्हा अगदी मधाळ बोलायच्या, हे एवढ्या संसारात त्यांना पाठ झालं होतं.

"सगळं बरोबर आहे," काकू फणकारल्या. "आता ती हत्यारांची पेटी या जन्मी काही घराबाहेर जात नाही. बाई कधीच्या खोळंबल्यात तिकडे, त्यांचं बघा."

काकांनी खुर्ची पुन्हा फिरवली. "बाई, सुई काढा आणि मला जवळून दाखवा," ते म्हणाले. "टोक बोथट झालंय, असं वाटतंय."