गायकवाडबाईंचं रिकामं कपाट

गायकवाडबाई गेल्याचं मला शाळेतल्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर कळलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. ज्यांनी त्यांना मधल्या सुट्टीत कधी चहा विचारला नाही, त्यांनीही ‘एक सेवाभावी व्यक्तिमत्त्व हरपलं’ असं लिहिलं होतं. मी काही लिहिलं नाही. मला त्या आवडत नव्हत्या, आणि माणूस गेलं म्हणून लगेच आवडायला लागावं एवढी मी सोयीची नाही. महिना होऊन गेला, तरी राग आहे तो आहेच...

खडकीत आमची प्राथमिक शाळा, मुलं बहुतेक फॅक्टरीतल्या कामगारांची. मी मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या ‘मोठ्या बाई’. सदाशिव पेठेतून स्कूटरवर निघून घंटेच्या आधी हजर असायचे. गायकवाडबाई तिथल्याच, आणि पहिलीवर. आधी मुळाक्षरं, मग कमळ, बदक, नळ, मग काना-मात्रा हा क्रम माझ्या आजीच्याही आधीपासून चालत आलेला. बाईंनी तो धाब्यावर बसवला. अक्षरं येण्याआधीच पोरांनी अख्खे शब्द ओळखायचे: आहे, नाही, मला, इथे, आणि. व्हरांड्यात खडूनं ठिकरीची घरं आखायच्या, प्रत्येक घरात एक शब्द. पोरं लंगडी घालत शब्दावर उडी मारणार आणि तो ओरडून वाचणार. कधी शब्दांची मंडई भरायची. एखादं पोर टोपली घेऊन ‘घ्या ताजं ताजं इथे, कोवळं कोवळं मला’ असं बोंबलायचं. शेजारच्या वर्गात पाढे ऐकू येईनात. मी विचारलं, ‘‘अहो, कमळ-बदकांनी तुमचं काय घोडं मारलंय?’’ तर म्हणाल्या, ‘‘मोठ्या बाई, आमच्या चाळींच्या लायनीत कमळ कुणी पाहिलंय? ‘नाही’ मात्र पोरं रोज ऐकतात.’’ वर हसल्या. ते हसू मला झोंबलं. माझ्या रागात आणखी काय काय मिसळलेलं होतं, त्यांची वस्ती, माझी पेठ, ते मी तेव्हा तपासलं नाही.

शब्दांची कार्डं त्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर करायच्या. माझ्या भाचीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकाही मागून नेल्या होत्या. पण वर्गाच्या कपाटात एक कार्ड टिकेल तर शपथ. एका मार्चमध्ये तपासणीला साहेब आले. ‘‘शैक्षणिक साहित्य दाखवा,’’ म्हणाले. बाईंनी कपाट उघडलं. आत खडूचा खोका आणि कात्री. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या अंगाची आग झाली. ‘‘कार्डं कुठायत?’’ मी विचारलं. ‘‘मुलांकडे आहेत,’’ त्या म्हणाल्या. बास, एवढंच! मला तो उद्धटपणा वाटला. साहेबांनी मुलांना काही वाचायला लावलं नाही, आणि मीही सुचवलं नाही.

जूनमध्ये मी त्यांना चौथीवर टाकलं आणि पहिली स्वतःकडे घेतली. त्यानंतर दर जूनला शाळा उघडली की त्या माझ्या दारात उभ्या राहायच्या. ‘‘पहिली द्या ना परत.’’ मी म्हणायचे, ‘‘बघू.’’ त्या निवृत्त होईपर्यंत मी बघतच राहिले. आणखी चार वाक्यं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? भांडायचं होतं माझ्याशी. भांडणाऱ्या बाईला मी मानलं असतं... निदान मला तसं वाटतं.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले. बुद्धवंदना झाली, मग भाषणं. जो उठे तो त्यांना मायाळू म्हणे. मायाळू कसल्या, हट्टी होत्या! माझ्या शेजारी त्यांची एक विद्यार्थिनी बसली होती, आता नर्स आहे. तिनं पर्समधून एक पिवळट कार्ड काढून दाखवलं. एका बाजूला ‘आणि’, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा अर्धा मुहूर्त. ‘‘माझा पहिला शब्द,’’ ती म्हणाली. ‘‘बाईंचा नियमच होता, वाचेल त्याचं कार्ड. घरी न्यायचं, परत आणायचं नाही.’’

म्हणजे कपाट रिकामं होत होतं ते वर्ग वाचत होता म्हणून. आणि हे मला त्यांच्या फोटोसमोर बसून कळलं.

मी तिला म्हटलं, ‘‘हे शाळेला दे. काचेत लावू, बाईंची आठवण म्हणून.’’

‘‘नाही देणार,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या घरात माझीच तेवढी आहेत. धाकट्या भावाला एकही मिळालं नाही. तो माझ्या पुढच्या वर्षी पहिलीत आला ना.’’

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. तिनं तो कानाला लावून निरोप ऐकला. ‘‘त्याचाच आहे. न्यायला येतोय मला. तो बोलूनच पाठवतो सगळं. लिहिलेलं काही आलं की मला फोन करून विचारतो, ताई, यात काय म्हटलंय.’’

मोबाईल पर्समध्ये टाकून तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तिला खरंच आठवत नव्हतं.

‘‘मोठ्या बाई, त्या वर्षी पहिलीवर कोण होतं हो?’’

‘‘मी,’’ मी म्हणाले.