अम्मीसाठी बदललेले पाइप

आमच्या घरचा नळ अब्बांनी स्वतः बसवला होता. अहेरीत ते नळ जोडायचं आणि हातपंप दुरुस्त करायचं काम करत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या गल्लीत नळाची लाइन आली, तेव्हा मी शाळेत होते. नवे पाइप घेण्याची ऐपत नव्हती. एका जुन्या क्वार्टरमधून काढून टाकलेले लोखंडी पाइप त्यांनी आणले, घासले, टोकांना नवे आटे पाडले आणि अंगणातून जमिनीखालून थेट स्वयंपाकघरात नेले.

तोवर अम्मी डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड घेऊन विहिरीवर जायची. पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी तिनं नळाखाली हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. नळ बंद करायचं तिच्या जिवावर आलं होतं.

पण त्या पाइपांवरचा जस्ताचा मुलामा कधीच गेलेला होता. रात्रभर आत साचलेलं पाणी सकाळी तांबूस यायचं, त्याला लोखंडाचा वास यायचा. चहा काळपट व्हायचा, भात पिवळट. अम्मी पहिली बादली जास्वंदीला ओतायची आणि मग गुंडाला दुहेरी फडकं बांधून प्यायचं पाणी भरायची. फडक्यावर गेरूसारखा थर बसायचा.

शेजारची बाई एकदा म्हणाली, "काऊन वो, तुह्या घरीच नळवाला हाये, तं हे पाइप काऊन नाई बदलवत?"

"पाणी घरात येऊन राह्यलं, तेच बहुत झालं," अम्मी म्हणाली. अब्बांसमोर तर तिनं त्या पाण्याला कधी नाव ठेवलं नाही.

काही वर्षांनी मी शिक्षिकेच्या कोर्ससाठी चंद्रपूरला होते, तेव्हा ती आजारी पडली. पाय सुजले, जेवण जाईना. मग पाणीही नकोसं झालं. घोट घेतला की ती तोंड वाकडं करायची. "लोखंडावानी लागते," म्हणायची. आता मात्र अब्बा समोर बसलेले असले तरी म्हणायची.

अब्बा तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात घेऊन आले. तिच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. अब्बा ऐकत होते आणि टोपीची घडी घालत, उलगडत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "साहेब, आमच्या घरचे पाइप जुने हायेत. गंजलेलं पाणी येते. त्याच्यानं झालं का हे?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "गंजाच्या पाण्यानं हे होत नाही. आणि त्यांच्या तोंडाला येते ती चव आजाराची आहे. कुठलंही पाणी दिलं तरी त्यांना तसंच लागेल."

मी सुट्टी काढून त्यांच्यासोबत निघाले. एसटीत अम्मी माझ्या खांद्यावर झोपली होती. अब्बा खिडकीबाहेर बघत होते. आलापल्ली मागे पडल्यावर ते म्हणाले, "पण पाणी लाल तं येतेच ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगण खणायला घेतलं.

"अब्बा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं ना तुम्ही?" मी विचारलं.

"ऐकलं," ते म्हणाले. "तिची बिमारी मले दुरुस्त करता येत नाई, बेटा. नळ येते."

जुना पाइप त्यांनी कापला. आत गंजाचे थर इतके चढले होते की मधून जेमतेम करंगळी गेली असती. ते तुकडा हातात घेऊन तिथेच मातीवर बसून राहिले. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच निवला.

संध्याकाळपर्यंत प्लास्टिकचे नवे पाइप बसले. सांध्यांना लावलेलं सोल्यूशन वाळायला त्यांनी एक दिवस दिला, नंतर कितीतरी वेळ नळ नुसता वाहू दिला. तरी पाण्याला त्या सोल्यूशनचा वास होताच. अब्बांनी पेला भरून वास घेतला, ओतला, पुन्हा भरला. वास पुरता गेल्यावरच पेला घेऊन ते अम्मीच्या खाटेपाशी गेले.

तिला पाणी मोजूनच द्यायचं होतं. तिनं एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. अब्बा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"चांगलं हाये," ती म्हणाली. "तुमीबी प्या."

तिच्याच पेल्यातलं उरलेलं पाणी ते उभ्याउभ्या प्यायले. मग हत्यारं आवरायला बाहेर गेले. ते गेल्यावर अम्मीनं मला जवळ बोलावलं. "थोडी खडीसाखर दे तोंडात ठेवायले. अन् त्याईले सांगू नोको."

मी दिली. ती गालात धरून अम्मी भिंतीकडे तोंड करून पडली.

पावसाळा संपता संपता ती गेली.

पाणी मात्र खरोखरच स्वच्छ यायला लागलं. मी भात केला तर तो पांढराशुभ्र झाला. ताटात तो पाहून अब्बा चार घास खाऊन उठले.

तिच्या चाळिसाव्याला पाहुणे आले होते. चामोर्शीहून आलेल्या अब्बांच्या आतेभावानं जेवण झाल्यावर पेलाभर पाणी पिऊन म्हटलं, "भाऊ, तुमच्या घरचं पाणी मोठं गोड हाये."

अब्बांनी मान हलवली. पाण्याचा जग उचलून त्यांनी त्याचा पेला पुन्हा भरला, मग पंगतीत बसलेल्या प्रत्येकाचा भरला. नंतर ते मागच्या दारानं बाहेर गेले आणि शेवटचा पाहुणा निघेपर्यंत आत आले नाहीत.