पाहुण्याने आधी घास घ्यावा

चार माणसं एकत्र राबली की कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. काम एक दिवस संपतं, किस्से संपत नाहीत, आणि दर खेपेला कुणीतरी त्यांना वरून मीठमसाला लावतोच. देवासला टेकडीच्या पायथ्याशी पोहे खायला आम्ही अजून भेटतो. कुठल्या सेन्सरने ऐनवेळी दगा दिला ते आता एकालाही आठवत नाही, पण अण्णांचा किस्सा एकाने सुरू केला की दुसरा पुढे नेतो. फरक इतकाच, की पूर्वी जिथे हसू यायचं तिथे आताशा आम्ही चहा मागवतो.

आम्ही म्हणजे मी, सानिका, पवन आणि आमचे सर. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. डिमेन्शिया झालेल्या माणसांना सोबत करणारा, गोड बोलून वेळेवर जेवायला लावणारा रोबो बनवायचा. त्याचं धड पवनने पाण्याच्या कॅनचं केलं, तोंडाच्या जागी टॅबलेट बसवला. बोलणं लिहायचं काम सानिकाकडे.

*

सानिका घरात मराठी बोलते, पण शिकली सगळं हिंदीत. तिने लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, "काका, तुम्ही जेवण करून घ्या, नाहीतर थंड होऊन जाईल." सरांच्या आईसमोर ट्रायल घेतली. आजींनी रोबोला नीट न्याहाळलं आणि सरांना विचारलं, "हा भिया कुणाकडचा रे? आपल्यातला वाटत नाही." भिया म्हणजे आमच्या माळव्यातला भैया.

मग सरांनी देवळात पुराण सांगणाऱ्या एका गुरुजींना गाठलं आणि त्यांच्या आवाजात सगळं नव्याने रेकॉर्ड केलं. त्यानंतर रोबो "नमस्कार, यावे, बसावे" असं बोलू लागला. आम्हाला फार भारी वाटलं. या अदबीनेच पुढे घोळ होणार हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं.

*

अण्णा सरांचे लांबचे मामा, धारला राहणारे, शाळेतून रिटायर झालेले मास्तर. आजार वाढत चालला तसं त्यांचं जेवण सुटत गेलं. दोन घास खाऊन "झालं माझं" म्हणायचे आणि उठायचे. डॉक्टरांनी माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, स्पष्ट सांगितलं होतं, की असंच चाललं तर फार दिवस निभणार नाही. म्हणून आमचा रोबो आधी धारला गेला.

देवासहून इंदूर, तिथून धारची बस. रोबो पवनच्या शेजारच्या सीटवर. कंडक्टरने विचारलं, "इसका टिकट?"

"भिया, ये तो डिब्बा है," पवन म्हणाला. पवन उदयनगरचा, त्याला अख्खं जग भिया.

तेवढ्यात बस खड्ड्यात आदळली, बटण दाबलं गेलं, आणि रोबो गुरुजींच्या आवाजात म्हणाला, "जेवून घ्यावे, अन्न गार होते."

कंडक्टरने तिकिटाचं मशीन पुढे केलं. "खाने का पूछ रिया है तो सवारी है भिया. टिकट लगेगा."

*

धारला रोबोने "नमस्कार" म्हणताच अण्णा उठून उभे राहिले. टोपी नीट केली, म्हणाले, "या, या. प्रवास सुखाचा झाला ना?" त्यांच्या वडिलांकडे संस्थानच्या काळात दरबारी पाहुण्यांची व्यवस्था असायची. दारात आलेल्याचं कसं करायचं, हे या माणसाच्या हाडीमांशी खिळलेलं. बाकी सगळं पुसट झालं तरी तेवढं शाबूत होतं.

माईंनी ताट वाढलं. रोबो म्हणाला, "जेवून घ्यावे."

अण्णा म्हणाले, "छे छे, आधी आपण."

त्या घरात पाहुण्याने पहिला घास घेतल्याशिवाय यजमान ताटाला हात लावत नसे. वरणावर साय धरली तरी दोघं एकमेकांकडे बघत बसलेले.

पुढच्या खेपेला सानिकाने वाक्य घातलं, "मी जेवून आलो आहे." अण्णा म्हणाले, "मग निदान चार घास आमच्या समाधानासाठी." त्याच्या पुढच्या खेपेला तिने घातलं, "आज माझा उपास आहे." अण्णांनी लगेच माईंना साबुदाण्याची खिचडी करायला लावली, रोबोसमोर ठेवली आणि तो कधी सुरुवात करतोय याची वाट बघत बसले.

माई पदराला हात पुसत म्हणाल्या, "आधी एकच जेवत नव्हता. आता दोघं जेवत नाहीत."

आम्ही खूप हसलो. माई दरवेळी आम्हालाही पानावर बोलवायच्या. पण मध्ये मध्ये करायचं नाही, फक्त निरीक्षण करायचं, अशी सरांची ताकीद होती. शिवाय बसस्टँडवर कचोऱ्या खाऊनच आलेलो असायचो. आम्ही म्हणायचो, "नको माई, पोट भरलंय," आणि कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसायचो.

*

तोडगा पवनने काढला. "इसको मेहमान से हटाओ, यजमान बना दो."

झालं. रोबोला पाटाच्या पलीकडे ठेवलं आणि तो म्हणाला, "या अण्णासाहेब, आपलीच वाट पाहत होतो. पान वाढले आहे." अण्णा संकोचून बसले आणि चक्क जेवले. पोळी संपली की रोबो म्हणायचा, "अजून एक, माझ्याखातर," आणि अण्णा "बरं, आग्रहच आहे तर" म्हणून ती घ्यायचे. पवन मागच्या अंगणात जाऊन नाचला.

जेवण झालं. अण्णांनी हात धुतले, खुंटीवरची छत्री घेतली आणि रोबोला नमस्कार केला. "बराय, येतो. घरी वाट बघत असतील."

मग माईंकडे वळून म्हणाले, "वहिनी, आमटी थेट आमच्या घरच्यासारखी झाली होती."

"हो का," माई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

आम्ही याही वेळी हसलो होतो. हे मला अजून सलतं.

रोबो आम्ही धारलाच ठेवून आलो, आणि त्यानंतर रोज तेच चालू झालं. पोटभर जेवायचं, छत्री घ्यायची, स्वतःच्याच घरातून निघायचं. माई फाटकाला कुलूप लावायच्या आणि ते कुलपाशी उभे राहून अदबीने विचारायचे, "वहिनी, उघडता का जरा?" तिकडे कॉलेजच्या स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला. सानिकाने स्टेजवर सांगितलं, की आजोबांचं वजन वाढलंय. ते खरंच होतं.

*

एके दिवशी माईंचा सरांना फोन आला. "तुमचा तो पाहुणा घेऊन जा."

"पण मामी, त्याच्यामुळे मामा जेवतायत," सर म्हणाले.

"जेवतात रे. पण माझ्याकडे नाही जेवत."

सरांनी खूप समजावलं. हा गेला तर मामा परत उपाशी राहतील, म्हणाले. माई म्हणाल्या, "ते मी बघते." आम्ही रोबो पोत्यात गुंडाळून देवासला आणला. परतीच्या बसमध्ये त्याची बॅटरी काढून ठेवली होती.

*

नंतर कित्येक महिन्यांनी एका लग्नासाठी मी आणि पवन धारला गेलो होतो. अण्णांचं कसं चाललंय हे कुणाला विचारायचा धीर झाला नव्हता. जेवणाच्या वेळेला त्यांच्या गल्लीत शिरलो, तर माई मागच्या दाराने बाहेर पडत होत्या. अंगावर ठेवणीतली महेश्वरी साडी, केसात गजरा. आम्हाला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि "चला माझ्याबरोबर" अशी खूण केली. घराला वळसा घालून त्या पुढच्या दाराशी आल्या आणि त्यांनी कडी वाजवली.

अण्णांनी दार उघडलं. चेहरा भरलेला होता. त्यांनी टोपी नीट केली.

"या, या. बऱ्याच दिवसांनी येणं केलंत. मुलांनाही आणलंत, फार छान."

आत पाट मांडलेले, पानं वाढलेली. अण्णांनी आम्हा सगळ्यांना बसवलं. मी आणि पवन लग्नात जेवून आलो होतो, पण या वेळी नको म्हणालो नाही. माईंनी वरणभात कालवून पहिला घास घेतला. अण्णांनी तो बघितला, समाधानाने मान हलवली आणि आपल्या पानाला हात लावला.

अर्धं जेवण झाल्यावर ते माईंच्या भातावर तूप वाढत म्हणाले, "आमचं कुटुंब देवाला गेलंय, येईलच इतक्यात. तिला भेटल्याशिवाय जायचं नाही हं."

"नाही जात," माई म्हणाल्या.